रिव्हिजनचा आकडा कधी वाढवायचा?



मागच्या वेळी आपण फ्रीबीएसडीसाठी एक लहानसा पोर्ट अगदी पहिल्या ओळीपासून तयार केला. मेकफाइल लिहिली, चेकसम घेतले, पॅकिंग लिस्ट जुळवली आणि शेवटी पॅकेज हातात आलं. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातले बरेचसे एकाच ओळीबद्दल होते. मेकफाइलमध्ये 'पोर्टरिव्हिजन' असं जे लिहितात, तो आकडा नक्की कधी वाढवायचा? मला आधी वाटलं, ह्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. मग माझ्या जुन्या चुका आठवून बघितल्या, तर निम्म्या चुका ह्याच ओळीच्या निघाल्या. तेव्हा आजचा वेळ तिच्यासाठी.

ज्यांनी मागचं व्याख्यान ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोर्ट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं सॉफ्टवेअर आपल्या सिस्टिमवर कसं आणायचं, कसं कंपाइल करायचं आणि कुठे बसवायचं ह्याची कृती. पॅकेज म्हणजे त्या कृतीने तयार करून डब्यात भरलेला पदार्थ. फ्रीबीएसडीमध्ये ही पद्धत १९९४ पासून आहे आणि आज तिथे ३०,००० पेक्षा जास्त पोर्ट आहेत. काही लोक कृती घेऊन घरीच पदार्थ करतात, बहुतेक लोक तयार डबा आणतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पॅकेजचं नाव वाचायला शिकू. समजा 'दिवा' नावाचा एक पोर्ट आहे आणि त्याच्या पॅकेजचं पूर्ण नाव आहे 'दिवा-१.४.२_३,१'. ह्यातलं १.४.२ हे मूळ लेखकाने दिलेलं व्हर्जन. मेकफाइलमध्ये हल्ली ते 'डिस्टव्हर्जन' म्हणून लिहितात. अंडरस्कोरनंतरचा ३ म्हणजे पोर्टरिव्हिजन. स्वल्पविरामानंतरचा १ म्हणजे 'पोर्टइपॉक'. रिव्हिजन किंवा इपॉक शून्य असेल तर तो नावात छापलाच जात नाही. दोन पॅकेजांतलं नवं कोणतं हे ठरवताना आधी इपॉक बघतात, मग व्हर्जन, आणि ते दोन्ही सारखे असतील तरच रिव्हिजन. मूळ लेखकाने १.४.३ काढलं की आपण व्हर्जन बदलतो आणि रिव्हिजनची ओळ काढून टाकतो, म्हणजे ती पुन्हा शून्यावर येते.

मराठी पुस्तक उघडलं की पहिल्या पानामागे 'दुसरी आवृत्ती' आणि त्याखाली 'पुनर्मुद्रण' असं छापलेलं असतं, ते आठवा. आवृत्ती लेखकाची, पुनर्मुद्रण प्रकाशकाचं. लेखकाने मजकुरात हात घातला की आवृत्ती बदलते. लेखक गप्प बसला, पण प्रकाशकाने बांधणी बदलली, गहाळ झालेलं पान परत घातलं, शुद्धिपत्र जोडलं, तर ते नवं पुनर्मुद्रण. पोर्ट सांभाळणारा माणूस म्हणजे प्रकाशक. व्हर्जन लेखकाचं, रिव्हिजन आपली.

पण ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, आणि सगळ्या चुका नेमक्या तिथेच होतात. पुस्तकाचं नवं पुनर्मुद्रण निघालं म्हणून कोणी घरातली जुनी प्रत रद्दीत देत नाही. इथे मात्र रिव्हिजन वाढली की ज्याच्या ज्याच्या मशीनवर ते पॅकेज आहे त्या प्रत्येकाला जुनी प्रत टाकून नवी घ्यावी लागते. म्हणजे रिव्हिजन ही आपण केलेल्या कामाची नोंद नाही. कामाची नोंद ठेवायला गिटचा लॉग आहे. रिव्हिजन ही दवंडी आहे. 'तुमच्याकडे जे आहे ते आणि आता माझ्याकडे जे आहे ते वेगळं आहे, येऊन घेऊन जा' एवढंच ती सांगते. दवंडी पिटली नाही तर कोणी येणार नाही. आणि उगाच पिटली तर गावभर लोक हातातलं काम टाकून चावडीवर येणार.

पहिल्या प्रकारची चूक आधी बघू, कारण ती जास्त महाग आहे. ती माझीच आहे.

मी दोन-तीन लहान पोर्ट सांभाळतो. त्यातल्या एका प्रोग्रॅममध्ये मेमरीबद्दलचा एक दोष सापडला. बाहेरून आलेली वाकडीतिकडी फाइल वाचताना प्रोग्रॅम कोसळायचा, आणि नुसतं कोसळण्यावर थांबेल ह्याची खात्री नव्हती. मूळ लेखकाने दुरुस्ती त्याच्या कोडमध्ये टाकली, पण नवं व्हर्जन काढायला त्याला वेळ नव्हता. मी ती दुरुस्ती पॅच म्हणून पोर्टच्या 'फाइल्स' फोल्डरमध्ये ठेवली, तपासली, पाठवून दिली. रविवारची दुपार होती. काम झालं ह्या समाधानात मी चहा घेतला.

साधारण तीन आठवड्यांनी एका ओळखीच्या ॲडमिनचा निरोप आला. त्याच्या सर्व्हरवर तोच प्रोग्रॅम कोसळला होता. मी जरा ऐटीतच कळवलं, "अहो, ते तर मी कधीच दुरुस्त केलंय, तुम्ही अपडेट करत नाही वाटतं!" त्याने उत्तरात स्क्रीनवरचा मजकूर पाठवला. तो रोज न चुकता 'पीकेजी अपग्रेड' चालवत होता, आणि मशीन रोज सांगत होतं की सगळं अद्ययावत आहे. मशीनचं काही चुकलं नव्हतं. त्याच्याकडच्या पॅकेजचं नाव आणि भांडारातल्या पॅकेजचं नाव अक्षरशः एकच होतं. मी पॅच टाकला होता, रिव्हिजन वाढवली नव्हती. नव्याने बसवणाऱ्यांना दुरुस्त माल मिळत होता, आणि ज्यांच्याकडे आधीपासून होता, म्हणजे ज्यांना खरी गरज होती, त्यांच्यापर्यंत काहीच पोहोचत नव्हतं.

ह्याच्या पुढची गोष्ट जास्त वाईट. फ्रीबीएसडीत सुरक्षेच्या दोषांची एक यादी ठेवतात, तिचं नाव व्हल्नएक्सएमएल. 'पीकेजी ऑडिट' हा आदेश ही यादी बघून तुमच्या मशीनवरचं कोणतं पॅकेज धोक्याचं आहे ते सांगतो. ह्या यादीत दोष कसा नोंदवतात? पॅकेजचं नाव आणि व्हर्जनची मर्यादा देऊन. उदाहरणार्थ, '१.४.२_१ पेक्षा कमी असेल तर धोका'. आता माझ्या प्रकरणात ही नोंद कशी करणार? दुरुस्त पॅकेजचं नाव १.४.२ आणि नादुरुस्त पॅकेजचंही १.४.२. मर्यादा एका बाजूला ठेवली तर सगळ्यांना धोका दिसणार, ज्यांनी दुरुस्त माल घेतलाय त्यांनाही. दुसऱ्या बाजूला ठेवली तर कोणालाच दिसणार नाही. एक आकडा न वाढवल्यामुळे दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडलं, आणि त्यांच्यात फरक करण्याची सोयच गेली. शेवटी आम्ही रिव्हिजन वाढवली आणि त्या नव्या आकड्याखालचं सगळं धोक्याचं ठरवलं. मधल्या तीन आठवड्यांत ज्यांनी दुरुस्त पॅकेज घेतलं होतं त्यांना विनाकारण पुन्हा घ्यावं लागलं.

तर सुरक्षेचा पॅच आला की रिव्हिजन वाढवायची. ह्यात चर्चा नाही, घासाघीस नाही.

बाकीच्या बदलांसाठी मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो. काल हे पॅकेज ज्याने बसवलं त्याच्याकडच्या फाइली आणि आज बसवणाऱ्याकडच्या फाइली वेगळ्या असतील का, आणि तो फरक कालच्या माणसापर्यंत पोहोचायला हवा का? फ्रीबीएसडीचं पोर्टरांसाठीचं जे हँडबुक आहे त्यातही मापदंड हाच आहे: ह्या बदलाचा फायदा कोणाला आणि किती, आणि त्याच्या बदल्यात सगळ्यांना पुन्हा बांधायला लावण्याची किंमत किती. दोन्ही पारडी बघायची.

ह्या प्रश्नाला लावून बघा. दोष दूर करणारा किंवा नवी सोय देणारा पॅच: वाढवा. एखादा ऑप्शन आधी बंद होता, तो आता डिफॉल्टने चालू केला: प्रोग्रॅमच्या आत काय आहे ते बदललं, वाढवा. पॅकिंग लिस्ट बदलली, एक मॅन्युअल पान राहिलं होतं ते घातलं, किंवा सेवा सुरू करणारी स्क्रिप्ट बदलली: वाढवा. चालताना लागणारं एखादं दुसरं पॅकेज यादीत घालायचं राहून गेलं होतं: वाढवा, कारण ज्याच्याकडे ते दुसरं पॅकेज नाही त्याचा प्रोग्रॅम आज अडलेला आहे.

एक प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही. कधीकधी मूळ लेखक व्हर्जन न बदलता आतला माल बदलतो. टारबॉलचं नाव तेच, आतल्या फाइली वेगळ्या. तुमचा चेकसम जुळत नाही तेव्हा हे कळतं. अशा वेळी नवा चेकसम निमूटपणे चिकटवून मोकळं होऊ नका. दोन्ही टारबॉल सोडवून शेजारी ठेवा आणि फरक वाचा. नुसती वाचामाहिती बदलली असेल तर सोडून द्या. कोड बदलला असेल तर रिव्हिजन वाढवा, लेखकालाही विचारा. आणि फरकाचा अर्थच लागत नसेल तर कशालाही हात लावू नका, कारण टारबॉल बदलणारा माणूस लेखकच आहे ह्याची तुमच्याकडे काही खात्री नसते.

आता न वाढवण्याचे प्रसंग. मेकफाइलमधली मोकळी जागा सारखी केली, ओळींचा क्रम लावला, टारबॉल उतरवण्याचा पत्ता बदलला. पॅकेजच्या पोटात काही बदललं नाही, वाढवू नका. मेंटेनरचं नाव बदललं. खरं म्हणजे हे नाव पॅकेजच्या माहितीत जातं, म्हणजे काटेकोर बोलायचं तर पॅकेज बदललं. पण पोर्ट कोण सांभाळतो हे बदललं म्हणून हजार लोकांनी पुन्हा डाउनलोड करावं असं काही त्यात नाही. दवंडीची किंमत मोजायची ती अशी.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो 'बांधणी मोडली होती, ती जोडली' ह्या प्रसंगी. नवा कंपायलर आला आणि तुमचा पोर्ट कंपाइल होईना. तुम्ही एक ओळ बदलून तो सुरू केला. वाढवायची का? उत्साही माणूस म्हणतो, हो, एवढं काम केलं! पण विचार करा, तो कंपाइलच होत नव्हता, म्हणजे पॅकेज तयारच होत नव्हतं. ज्याच्याकडे नाही त्याला 'जुनं टाका' असं सांगण्यात अर्थ नाही. न वाढवता काम होतं. मात्र एक पोटकलम आहे. समजा तो पोर्ट एएमडी६४ वर नीट चालत होता आणि फक्त आर्म६४ वर मोडला होता. तुमच्या दुरुस्तीने एएमडी६४ वरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा राहत असेल तर वाढवू नका. पण दुरुस्ती करताना तुम्ही सगळ्यांसाठीच काही बदललं असेल, तर वाढवा.

आता आजच्या विषयाचा सगळ्यात अवघड भाग. इथे तुमच्या पोर्टला तुम्ही हात लावलेला नसतो, तरी त्याची रिव्हिजन वाढवावी लागते.

आपल्या जवळचं उदाहरण घेतो. आयसीयू नावाची एक लायब्ररी आहे. जगातल्या लिप्या, शब्दांचा वर्णक्रम, ओळ कुठे तोडायची, तारखा कशा लिहायच्या, हे सगळं काम ती करते. देवनागरीतली नावं वर्णानुक्रमे लावायची तर अनेक प्रोग्रॅम हिच्याच दारात जातात. लिब्रेऑफिस तिला वापरतं, पीएचपीचा भाषाविषयक भाग वापरतो, पोस्टग्रेसक्यूएल वापरतं. ह्या लायब्ररीचं मोठं व्हर्जन वर्षातून साधारण दोनदा येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७४, एप्रिल २०२४ मध्ये ७५, ऑक्टोबर २०२४ मध्ये ७६. आणि प्रत्येक वेळी तिच्या शेअर्ड लायब्ररीच्या फाइलच्या नावातला आकडा बदलतो. 'लिबआयसीयूयूसी.एसओ.७५' ची जागा '७६' घेते. एवढंच नाही, तिच्या आतल्या फंक्शनांच्या नावांनाही तो आकडा शेपटीसारखा जोडलेला असतो. म्हणजे जुन्या फाइलच्या नावाने नव्या फाइलचा दुवा करून काम भागवू असं कोणी म्हणेल, तर तेही चालत नाही.

तर होतं काय? आयसीयू ७५ असताना कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमच्या पोटात '७५ हवी' असं कोरलेलं असतं. आयसीयूचा पोर्ट सांभाळणाऱ्याने ७६ आणली. तुमच्या मशीनवर ७६ बसली, ७५ गेली. प्रोग्रॅम सुरू केला की तो सांगतो, लायब्ररीची फाइल सापडत नाही. आणि हा बिचारा प्रोग्रॅम सांभाळणारा माणूस घरी झोपलेला आहे, त्याने काही केलेलंच नाही.

म्हणून ज्याने लायब्ररी बदलली त्यानेच, त्याच कमिटमध्ये, तिला जोडलेल्या सगळ्या पोर्टांची रिव्हिजन एकने वाढवायची अशी रीत आहे. प्रोग्रॅमचा कोड तोच, कृती तीच, पण नव्या लायब्ररीसमोर पुन्हा कंपाइल व्हायला हवं. हे लायब्ररीवाल्याचं काम आहे, प्रोग्रॅमवाल्याचं नाही. नवीन मेंटेनर विचारतात, 'माझ्या पोर्टमध्ये दुसऱ्याने हात का घातला?' म्हणून हे मुद्दाम सांगतो. तो तुमचं घर चालू ठेवायला आलेला असतो.

इथे जाणकार श्रोते म्हणतील, पीकेजी आता हुशार झालंय. आणि ते खरं आहे. पॅकेजला कोणत्या शेअर्ड लायब्ररी लागतात ह्याची नोंद पॅकेजमध्येच असते. नाव तेच असूनही ही नोंद बदलली असेल तर पीकेजी ते ओळखतं आणि पुन्हा बसवतं, सोबत कारणही छापतं. ऑप्शन बदलले किंवा थेट लागणारी पॅकेजं बदलली तरीही. शिवाय पॅकेजं बांधणारं पुड्रिए हे साधन एखादी लायब्ररी बदलली की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजं स्वतःहून पुन्हा बांधतं. मग रिव्हिजन कशाला?

दोन कारणं. मघाशी म्हटलं ना, काही लोक डबा आणत नाहीत, घरी पदार्थ करतात. जो माणूस पोर्टमास्टरसारखं साधन वापरून स्वतःच्या मशीनवर कंपाइल करतो, त्याचं साधन मुख्यतः नावाचा आकडाच बघतं. आकडा हलला नाही तर तेही हलत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. सगळ्या लायब्ररी शेअर्ड नसतात. गो भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम घ्या. त्याला लागणारा जवळजवळ सगळा कोड, गोची स्वतःची मूळ लायब्ररीसुद्धा, त्या एका बायनरीच्या पोटात भरलेला असतो. आता गोच्या लायब्ररीत एचटीटीपीच्या हाताळणीत दोष सापडला आणि गोचं नवं व्हर्जन आलं. तुम्ही गो कंपायलर अपडेट केला. पण त्या कंपायलरने मागच्या महिन्यात बांधलेला प्रोग्रॅम? त्याच्या पोटात जुना, दोष असलेला कोड तसाच आहे. शेअर्ड लायब्ररी बदललेली नाही, त्यामुळे पीकेजीच्या हुशारीला काही दिसत नाही. बांधणाऱ्या सर्व्हरवर पुड्रिएने तो पुन्हा बांधला असेलही, पण नाव तेच असल्यामुळे तुमचं मशीन तो घेणारच नाही. इथे रिव्हिजन वाढवणं हा एकच निरोप आहे. रस्टमधले प्रोग्रॅम असोत किंवा फक्त हेडर फाइलींच्या रूपात येणाऱ्या सी++ लायब्ररी, सगळीकडे हीच गोष्ट. जितकं आपण सगळं एका बायनरीत कोंबत जातोय तितकी ही जुनाट वाटणारी ओळ महत्त्वाची होत चालली आहे, असं माझं मत आहे.

दुसऱ्या पारड्याकडे वळू. एकदा एका मध्यम आकाराच्या लायब्ररीच्या पोर्टमध्ये मी वर्णनातलं एक स्पेलिंग सुधारलं आणि सवयीने रिव्हिजनही वाढवली. मला वाटलं, लायब्ररी लहान आहे, दोन मिनिटांत कंपाइल होते, काय बिघडलं? पण तिच्यावर अवलंबून असलेले पोर्ट किती आहेत हे मी बघितलंच नव्हतं. पुड्रिए वापरणाऱ्या एका मित्राच्या जुन्या मशीनवर ती लायब्ररी बदललेली दिसली, मग तिच्यावरचे सगळे पोर्ट, मग त्यांच्यावरचे, आणि शेवटी एक भलाथोरला ब्राउझर. मशीन रात्रभर चालत राहिलं. सकाळी त्याने मला फक्त स्पेलिंगचा तो एक शब्द लिहून पाठवला, बाकी काही नाही. (हशा)

म्हणून फाटा न फुटणाऱ्या पोर्टला, म्हणजे ज्याच्यावर दुसरं कोणी अवलंबून नाही अशा लहान प्रोग्रॅमला, शंका असेल तर वाढवून टाका, कोणाचं फार जात नाही. मुळाजवळच्या लायब्ररीला हात लावताना मात्र दहा वेळा विचार करा. आणि किरकोळ सुधारणा असेल तर ती साठवून ठेवा, पुढचं व्हर्जन येईल तेव्हा त्याच्यासोबत जाऊ द्या. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी कधी साठवायची नाही.

मास्टर आणि स्लेव्ह पोर्टची एक खोच आहे, चटकन सांगतो. एकाच कोडमधून दोन-तीन पोर्ट निघतात तेव्हा एक मास्टर असतो आणि बाकीचे त्याचीच मेकफाइल आत घेतात. मास्टरमध्ये रिव्हिजन साध्या बरोबरच्या चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह आणि बरोबर असं लिहितात, म्हणजे 'आधी कोणी दिली नसेल तरच ही घे'. मास्टरमध्ये वाढवली की स्लेव्हची आपोआप वाढते, फक्त स्लेव्हने स्वतःचा आकडा लिहिला नसेल तर. लिहिला असेल तर तिथे जाऊन वेगळी वाढवावी लागते. तुमच्या प्रत्येक स्लेव्हमध्ये जाऊन मेकला पॅकेजचं नाव छापायला सांगा आणि डोळ्यांनी बघा. अंदाजावर जाऊ नका.

इतर सिस्टिमांत चिन्हं वेगळी, विचार तोच. ओपनबीएसडीत पहिली रिव्हिजन शून्य असते, नावापुढे 'पी०' लागतं. तिथे ओळच नसणं आणि शून्य असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फ्रीबीएसडीतून गेलेला माणूस इथे हमखास चुकतो. पीकेजीएसआरसीत 'एनबी१' लागतं, त्यातलं एनबी म्हणजे नेटबीएसडी. त्यांच्याकडे आयसीयूसारखी लायब्ररी बदलली की अप्रत्यक्ष अवलंबून असलेल्यांचीही रिव्हिजन एका दमात वाढवतात. मॅकपोर्ट्समध्ये आकडा तर आहेच, शिवाय अपग्रेडनंतर कोणत्या बायनरीची लायब्ररी हरवली ते शोधून तिला पुन्हा बांधणारी सोय आहे. डेबियनची पद्धत मला आवडते. तिथे कृती न बदलता नुसतं पुन्हा कंपाइल केलं तर मूळ आकड्याला '+बी१' जोडतात. 'कृती बदलली' आणि 'फक्त पुन्हा शिजवलं' हे नावातूनच कळतं. आपल्याकडे दोन्हींना एकच आकडा.

शेवटचा मुद्दा, मागे जाण्याचा. आकडा फक्त पुढे जातो, मागे येत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ ह्या व्हर्जनांत मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा आन्द्रेस फ्रॉइंड ह्यांनी उघडकीला आणला, ते तुम्हाला आठवत असेल. डेबियनला तातडीने ५.४.५ वर परतायचं होतं. पण ५.४.५ तर ५.६.१ पेक्षा लहान, लोकांची मशीनं ते 'अपग्रेड' म्हणून घेणार कशी? त्यांनी पॅकेजला ५.६.१ अधिक 'रिअली' ५.४.५ असा आकडा दिला. म्हणजे पाटी ५.६.१ ची, आत माल ५.४.५ चा, आणि तसं पाटीवरच लिहिलेलं. फ्रीबीएसडीत अशा वेळी इपॉक वाढवतात. पण इपॉक एकदा वाढला की कायमचा. तो ना शून्यावर येतो, ना कमी होतो. व्हर्जन कितीही बदललं तरी तो स्वल्पविराम त्या पोर्टच्या कपाळी राहतो. म्हणून रिव्हिजन सढळ हाताने वापरा, इपॉक नाइलाज झाल्यावरच.

आता प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून: एकाच दिवशी दोन बदल केले तर रिव्हिजन दोनदा वाढवायची का?)

दोन्ही एकाच कमिटमध्ये असतील तर एकदाच. पहिला बदल सकाळी कमिट झाला आणि दुसरा संध्याकाळी, तर मधल्या वेळात कोणीतरी पॅकेज बांधून घेतलेलं असू शकतं. तेव्हा दुसऱ्यांदा वाढवा. आकडे फुकट आहेत.

(श्रोत्यांतून: ऑप्शन डिफॉल्टने बंद आहे आणि पॅच फक्त त्या ऑप्शनपुरता आहे, तर?)

तयार पॅकेज घेणाऱ्यांना काहीच फरक पडत नाही. घरी बांधणाऱ्यांपैकी ज्यांनी तो चालू केलाय त्यांनाच पडतो. सुरक्षेचा पॅच असेल तर मी वाढवतो, कारण ती मोजकी माणसं दुसऱ्या कोणत्या मार्गाने कळवून घेणार? बाकी किरकोळ असेल तर सोडून देतो. ह्यावर मतभेद आहेत आणि तुमचा पॅच तपासणारा कमिटर वेगळं म्हणाला तर त्याचं ऐका.

(श्रोत्यांतून: मी व्हर्जन १.४ वरून १.५ केलं आणि रिव्हिजनची ओळ काढायला विसरलो. आता १.५_३ झालंय. काढून टाकू का?)

अजिबात नाही. बरं झालं विचारलंत. विसरलात ती चूक निरुपद्रवी होती, १.५_३ हे १.४_३ पेक्षा मोठंच आहे, सगळ्यांना नीट मिळालंय. आता ती ओळ काढलीत तर नाव १.५ होईल, आणि १.५ हे १.५_३ पेक्षा लहान आहे. ज्यांच्याकडे १.५_३ आहे त्यांना तुमच्या पुढच्या दुरुस्त्या, १.५_१, १.५_२, काहीही मिळणार नाही, आणि त्यांचं मशीन रोज सांगेल की सगळं अद्ययावत आहे. खात्री करायची असेल तर 'पीकेजी व्हर्जन' ला 'टी' हा पर्याय देऊन दोन्ही आकडे समोर ठेवा, कोण मोठं ते एका चिन्हात सांगतं. ती ओळ तशीच राहू द्या. पुढची दुरुस्ती आली तर ४ करा, आणि १.६ येईल त्या दिवशी आठवणीने काढा.